मॉडेल विमानांची नॅशनल टीम कशी ठरते आणि तिचा खर्च कोण उचलतं

पाठीवर देशाचं नाव असलेलं जॅकेट घातलेला माणूस विमानतळावर लांबलचक पेटी ढकलत निघालाय आणि विचारलं तर म्हणतो की मॉडेल विमानांच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला चाललोय, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, मग सगळा खर्च सरकारच करत असेल ना? बहुतेक देशांत याचं उत्तर नाही असंच येतं. थोडा खर्च संघटना करते, थोडी वर्गणी निघते, आणि उरलेली पदरमोड. आणि त्या माणसाची निवड कुणी केली, कशी केली, हे तर या छंदात असलेल्या बऱ्याच लोकांनाही नीट सांगता येत नाही. मला यातलं एक फार महत्त्वाचं वाटतं ते आधीच सांगतो: निवड आणि पैसा हे दोन वेगळे विषय समजून लोक बोलतात पण ते एकच आहेत, कारण निवडीची पद्धत कशी ठेवायची हे ठरलं की कोण निवडून येऊ शकतो हे अर्धं ठरून जातं. कसं ते बघू.

सुरुवात वरून करू. हवाई खेळांची जागतिक संघटना म्हणजे एफएआय, १९०५ साली पॅरिसमध्ये सुरू झाली, आता ऑफिस स्वित्झर्लंडमधल्या लोझानला. तिच्यात मॉडेल विमानांचं काम बघणारी एक समिती आहे, सीआयएएम, ती १९३६ पासून आहे. नियमांचं पुस्तक हीच समिती ठेवते, कुठली चॅम्पियनशिप कुठल्या देशाला द्यायची हेही तिच्याच बैठकीत मतदानाने ठरतं. पण टीम कशी निवडायची यात एफएआय अजिबात पडत नाही. ते ज्या त्या देशाचं काम. प्रत्येक देशात एफएआयची सदस्य असलेली एक एरो क्लबसारखी संस्था असते आणि ती बऱ्याचदा मॉडेलचं काम दुसऱ्या संघटनेकडे सोपवते. अमेरिकेत नॅशनल एरोनॉटिक असोसिएशनने ते अॅकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सकडे दिलंय, ब्रिटनमध्ये रॉयल एरो क्लबने ब्रिटिश मॉडेल फ्लाइंग असोसिएशनकडे. खेळाडूकडे एफएआयचं स्पोर्टिंग लायसन्स लागतं आणि तेही याच साखळीतून मिळतं, त्यामुळे माझ्याकडे पैसे आहेत, मी तिकीट काढून थेट वर्ल्ड चॅम्पियनशिपला जातो असं कुणालाच करता येत नाही. देशाच्या संस्थेने नाव पाठवलं तरच एंट्री. (वर्ल्ड कप नावाची मालिका वेगळी, त्या ओपन स्पर्धा असतात, तिथे लायसन्स असलेला कुणीही स्वतःच्या नावावर उडवू शकतो. लोक या दोन्हींची फार गल्लत करतात.)

जागा किती? साधारण नियम असा की एका प्रकारात एका देशाचे तीन जण, त्यांच्यासोबत ज्युनिअरची वेगळी सोय, आणि एक टीम मॅनेजर. शिवाय मागच्या वेळचा चॅम्पियन असेल तर त्याला आपल्या देशाच्या संस्थेची मंजुरी घेऊन विजेतेपद राखायला उतरता येतं, नॅशनल टीममध्ये बसला नसला तरी, फक्त मग त्याचा स्कोअर टीमच्या बेरजेत धरत नाहीत. टीमचा निकाल तिघांच्या कामगिरीची बेरीज करून लागतो हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आता 'एका प्रकारात' म्हटलं खरं, पण प्रकार ढीगभर आहेत. एफ१ म्हणजे फ्री फ्लाइट, सोडल्यावर हातात काही कंट्रोल नाही. एफ२ म्हणजे कंट्रोल लाइन, तारेला बांधलेलं विमान गोल फिरतं. एफ३ मध्ये रेडिओ कंट्रोल, त्यात एरोबॅटिक्स, ग्लायडर, हेलिकॉप्टर, पायलॉन रेसिंग (खांबांभोवतीची शर्यत) सगळं आलं. एफ४ स्केल, म्हणजे खऱ्या विमानाची हुबेहूब छोटी प्रतिकृती, एफ५ इलेक्ट्रिक, एफ९ ड्रोन. प्रत्येकात पुन्हा पोटप्रकार, आणि प्रत्येक पोटप्रकाराची टीम वेगळी, निवड वेगळी, फंड वेगळा. एकाच संघटनेला वर्षात सहा-सात टीम पाठवायच्या असतात असंही होतं. क्रिकेटसारखी एक टीम आणि एक सिलेक्टर मंडळी असं डोक्यात असेल तर ते काढून टाका.

निवडीची सगळ्यात साधी पद्धत म्हणजे एकच ट्रायल. एक वीकेंड ठरवायचा, इच्छुकांनी यायचं, चॅम्पियनशिपचेच नियम लावायचे, पहिले तीन टीममध्ये. कमी खर्चाची, सरळ, कुणाला तक्रारीला फारशी जागा नाही. पण हवा? तिचं काय करायचं?

मी एका ट्रायलला टायमर म्हणून उभा होतो. एफ१ए, म्हणजे ५० मीटरच्या दोरीने पतंगासारखा ओढून वर न्यायचा ग्लायडर. खेळाडू दोरी धरून गोल गोल धावत राहतो आणि थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, सापडला असं वाटलं की जोरात खेचून मॉडेल सोडतो, मग ३ मिनिटं ते वर राहिलं की 'मॅक्स', त्याहून जास्त राहिलं तरी मोजणी तिथेच थांबते. सगळ्या राउंडला मॅक्स मारणारे शेवटी फ्लाय-ऑफला, म्हणजे बरोबरी फोडायच्या जादा फेरीला जातात. त्या दिवशी एक जण प्रत्येक राउंडला मॅक्स मारत आला होता. शेवटच्या राउंडला त्याने सोडलं तेव्हा बाजूला गवताचं पातंही हलत नव्हतं, आम्ही दोघं टायमर दुर्बिणीतून बघतोय, मॉडेल मस्त वळतंय, आणि मग हळूहळू ते खालीच यायला लागलं, आजूबाजूची हवाच खाली बसत होती. माझ्या घड्याळात २ मिनिटं ५१ सेकंद. नऊ सेकंद कमी. शेजारी चाळीस पावलांवरच्या माणसाने अर्ध्या मिनिटाने सोडलेलं मॉडेल आरामात वर गेलं. पहिला माणूस चौथा आला. त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं. एका ट्रायलवर टीम ठरवायची म्हणजे हे मान्य करायचं.

म्हणून दुसरी पद्धत, ट्रायलची मालिका. तीन ट्रायल घ्या, त्यातले उत्तम दोन स्कोअर धरा. वेगवेगळ्या दिवसांच्या हवेतले आकडे एकमेकांशी तोलायला एक युक्ती वापरतात, राउंडमधल्या किंवा ग्रुपमधल्या सर्वोत्तमाला १००० पॉइंट आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात. उदाहरण म्हणून एफ३एफ घ्या, उतारावरच्या वाऱ्यात ग्लायडरने १०० मीटरच्या कोर्सवर दहा फेऱ्या मारायच्या. सर्वोत्तम वेळ ४० सेकंद असेल तर त्याला १०००, आणि ५० सेकंद लागलेल्याला ८००. सोपं आहे.

आता खरी गंमत बघा. समजा तीन ट्रायल झाल्या आणि हिशोबाला सोपं म्हणून प्रत्येक ट्रायलचा एकच आकडा धरू. पहिला पायलट: १०००, ७८०, ९९०. दुसरा: ९४०, ९५०, ९४५. तिन्ही स्कोअर मोजले तर पहिल्याचे २७७० आणि दुसऱ्याचे २८३५, दुसरा पुढे. सगळ्यात वाईट स्कोअर सोडून दिला तर पहिल्याचे १९९० आणि दुसऱ्याचे १८९५, पहिला पुढे, तोही चांगला ९५ पॉइंटने. उडवणं तेच, आकडे तेच, फक्त 'एक स्कोअर ड्रॉप' हे तीन शब्द नियमात असले की टीम बदलते. यातलं बरोबर कुठलं? मला विचाराल तर टीमचा निकाल तिघांच्या बेरजेने लागतो तेव्हा ९४० च्या आसपास न चुकता उडवणारा माणूस फार मोलाचा असतो, एकाचा राउंड पूर्ण फसला की बाकी दोघांची मेहनत पाण्यात जाते. पण वैयक्तिक मेडल हवं असेल तर १००० मारणाराच लागतो. त्यामुळे आपल्याला नक्की काय हवंय हे नियम लिहिणाऱ्यांनी आधी ठरवायला हवं, आणि मग तो ड्रॉप ठेवायचा की नाही ते.

आणि आता पैसा कुठून आत येतो ते बघा. तिसरा एक पायलट आहे, त्याला तीनही ट्रायलला जाणं परवडलं नाही, प्रवास, मुक्काम, सुट्ट्या, दोनच उडवल्या. त्याचे ९७० आणि ९१५, म्हणजे १८८५. दोन जागा उरल्यात असं धरा, तर पहिला आणि दुसरा गेले, हा १० पॉइंटने राहिला. त्या ४० सेकंदांच्या हिशोबात १० पॉइंट म्हणजे जेमतेम ०.४ सेकंद. बाकी दोघांकडे एक वाईट दिवस फेकून द्यायची मुभा होती, याच्याकडे नव्हती, आणि ती मुभा कौशल्याने मिळत नाही, तिसऱ्या प्रवासाच्या खर्चाने मिळते. ट्रायल जितक्या जास्त तितका नशिबाचा भाग कमी होतो हे खरंच आहे, पण तितकाच खिशाचा भाग वाढतो. यावर कुणाकडेही पूर्ण उत्तर नाही. मोठ्या देशांत आधी जवळच्या भागात पात्रता फेरी आणि मग एकच फायनल असा मधला मार्ग काढतात, किंवा एकाच ठिकाणी सलग तीन-चार दिवस ठेवून त्यातच जास्त राउंड बसवतात, ही दुसरी आयडिया मला जास्त पटते, प्रवास एकदाच आणि हवा मात्र वेगवेगळी मिळते.

जिथे जज मार्क देतात, एफ३ए एरोबॅटिक्स किंवा एफ२बी (तारेवरच्या विमानांचं एरोबॅटिक्स), तिथे आणखी एक खर्च असतो जो कुणाच्या लक्षात येत नाही. चांगले जज लागतात, आणि एकाच क्लबचे नकोत. म्हणजे त्यांचा प्रवास, राहणं, जेवण ट्रायलच्या फीमधून निघायला हवं. दहाच पायलट असतील तर ती फी वाढणारच.

तिसरी पद्धत म्हणजे कमिटीने किंवा कोचने निवडायचं. जिथे त्या प्रकारात उडवणारे चार-पाचच जण आहेत तिथे ट्रायलला काही अर्थ राहत नाही, मग मागच्या दोन सीझनचे निकाल बघून नावं ठरतात. सरकारी व्यवस्था असलेल्या देशांत ही पद्धत मुरलेली होती, सोव्हिएत काळात दोसाफ ही संघटना मॉडेलिंगला कार्यशाळा, साहित्य, प्रशिक्षक सगळं पुरवायची, साहजिकच कुणी जायचं हेही वरून ठरायचं. कमिटीच्या पद्धतीत ट्रायलला फसलेल्या पण खऱ्या दर्जाच्या माणसाला घेता येतं हा फायदा, आणि आपल्या क्लबचा माणूस घुसवला अशी कुजबुज कायमची मागे लागते हा तोटा. कारणं लिहून जाहीर केली तर ती कुजबुज निम्मी होते असा माझा अनुभव आहे.

ट्रायल कधी घ्यायची यावरही वाद होतात. वर्ल्ड चॅम्पियनशिप बहुतेक प्रकारांत दोन वर्षांनी एकदा असते, मधल्या वर्षी कॉन्टिनेंटल. बरेच देश आदल्या वर्षीच निवड उरकतात. आठ-दहा महिने आधी नावं कळली की व्हिसा, रजा, मॉडेलची जादा जोडी, टीम म्हणून सराव आणि मुख्य म्हणजे पैसे जमवणं, सगळ्याला वेळ मिळतो. दुसरीकडे तोपर्यंत फॉर्म बदलतो, आणि पोरं तर वर्षभरात कुठल्या कुठे पोचतात. चौथ्या नंबरच्या माणसाला राखीव ठेवतात आणि त्याची अवस्था सगळ्यात अवघड असते, त्याने सराव चालू ठेवायचा, मॉडेल तयार ठेवायची, पण तिकीट काढायचं नाही. निवडलेल्यांपैकी एखाद्याने पैशाअभावी नाव मागे घेतलं की एकदम त्याला फोन येतो, आणि तेव्हा तिकिटं महाग झालेली असतात. नाव मागे घ्यायची शेवटची तारीख नियमात लिहिलेली असावी असं मला फार वाटतं.

टीम मॅनेजर म्हणजे सामान सांभाळणारा माणूस असं समजू नका. आयोजकांशी आणि ज्युरीशी बोलायचा अधिकार त्याचा, प्रोटेस्ट करायचा तर ठरलेली फी भरून तोच करतो (प्रोटेस्ट मान्य झाला तर फी परत). फ्री फ्लाइटमध्ये तर हवा वाचणं, कुणी आधी उडवायचं हे ठरवणं, लांब गेलेली मॉडेल आणायला माणसं पाठवणं हे सगळं त्याच्यावर. बऱ्याच ठिकाणी त्याला निवडून आलेले खेळाडूच मत देऊन ठरवतात. तो स्वतः उडवत नाही, त्याला मेडलची आशा नसते, तरी रजा टाकून दहा-बारा दिवस उन्हात उभा राहतो, आणि अशा माणसाला स्वतःचं तिकीट स्वतः काढायला लावणं मला बरोबर वाटत नाही. फंडातून सगळ्यात आधी मॅनेजरचा पूर्ण खर्च बाजूला काढा.

खर्च म्हणजे नक्की काय काय, तर आधी एंट्री फी. तिचे दोन भाग असतात, एक सक्तीचा, जो खेळाडूंनी आणि मॅनेजरने भरायचाच, आणि एक ऐच्छिक, ज्यात राहणं-जेवण येतं. मग प्रवास. आणि चॅम्पियनशिप कुठेही लागू शकते: फ्री फ्लाइटची २०१५ ची मंगोलियात झाली, २०१९ ची कॅलिफोर्नियातल्या लॉस्ट हिल्सला, कंट्रोल लाइनची २०१६ ची ऑस्ट्रेलियातल्या पर्थला. युरोपातल्या टीम युरोपात गाडीत पेट्या टाकून जातात, पर्थला असं कसं जाणार? त्यामुळे यजमान देश ठरला की कुठल्या कुठल्या टीम अर्ध्या भरतील याचा अंदाज त्याच दिवशी येतो.

मग मॉडेलची ने-आण. इनडोअर एफ१डी चं मॉडेल पंखा फिरवणारं रबर धरलं नाही तर कमीत कमी १.४ ग्रॅमचं, पंख ५५ सेंटिमीटरपर्यंत, ते पेटीत घालून हातात सांभाळून न्यायचं, वजन काहीच नाही पण बाकीच्या बॅगांखाली गेलं तर संपलं. याउलट एफ३ए चं विमान दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, पाच किलोपर्यंत, आणि एकावर भागत नाही, दुसरं राखीव लागतं, त्या पेट्यांना जादा सामानाचा चार्ज लागतो. बॅटरीचा हिशोब वेगळाच. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी केबिनमध्ये नेता येते, १६० पर्यंत एअरलाइनच्या परवानगीने, त्यापुढे नाही. एफ३ए ला लागणारी दहा सेलची ५००० एमएएच बॅटरी म्हणजे ३७ व्होल्ट गुणिले ५, १८५ वॉट-अवर, अडकली. म्हणून लोक पाच-पाच सेलचे दोन पॅक जोडून वापरतात, एकेक ९२.५ चा, ते बसतात. इंजिनवाल्यांना तर फ्युएल नेताच येत नाही, तिथेच मिळवावं लागतं. टीम रेसिंगमध्ये, एफ२सी मध्ये, पायलट आणि मेकॅनिक अशी जोडी असते, म्हणजे तीन जागांना सहा तिकिटं, आणि फंड वाटताना हे विसरलं की भांडण ठरलेलं.

पैशाअभावी जाता येत नाही हे दुखणं फार जुनं आहे. रबरवर उडणाऱ्या मॉडेलांचा वेकफिल्ड कप १९२८ पासूनचा, आजचा एफ१बी त्यातूनच आलाय, आणि त्यात लांबच्या देशांतले खेळाडू स्वतः जाऊ शकत नसले तर फक्त मॉडेल पाठवायचे, तिथलाच कुणीतरी त्यांच्या वतीने उडवायचा. त्याला प्रॉक्सी म्हणायचे. महिनोन्‌महिने घडवलेलं मॉडेल अनोळखी हातात द्यायचं आणि निकालाची वाट बघायची.

आता जमा बाजू. संघटना सभासदांच्या वर्गणीतला काही वाटा टीमसाठी ठेवते, आणि इथे दरवर्षी एकच वाद: हजारो सभासद रविवारी मजेसाठी उडवणारे, त्यांच्या पैशातून पंधरा जणांना परदेशात का पाठवायचं? हा प्रश्न रास्त आहे. म्हणून काही ठिकाणी निवड प्रक्रियेत भाग घेणारेच वेगळी फी भरतात आणि तीच टीमच्या फंडात जाते. म्हणजे हरलेले जिंकलेल्यांना पाठवतात, आणि मला यातली भावना आवडते, पण फी फार वाढवली की तरुण मुलं ट्रायललाच येत नाहीत आणि फंडही आटतो. सरकारी मदत तुमच्या देशात हा अधिकृत खेळ धरला जातो का यावर असते. एफएआयला ऑलिम्पिक समितीची मान्यता आहे पण मॉडेल विमानं ऑलिम्पिकमध्ये नाहीत, आणि बऱ्याच सरकारी योजना तिथेच घोडं अडवतात. उरलं ते देणग्या, लकी ड्रॉ, टी-शर्ट, जुन्या मॉडेलांचा लिलाव. कंपन्या सहसा रोख देत नाहीत, सर्व्हो (मॉडेलचे कंट्रोल हलवणारी छोटी मोटर), बॅटरी, सवलत असं देतात, त्याने तिकीट निघत नाही पण घरचा तेवढा खर्च वाचतो.

वाटायचं कसं? सगळ्यांना समान रक्कम हा सोपा मार्ग, सगळ्यांची एंट्री फी भरायची आणि प्रवास ज्याचा त्याने हा दुसरा. मला दुसरा बरा वाटतो, कारण रक्कम आधी माहीत असते आणि पावती एकच असते. पण ही मदत स्पर्धेनंतर बिलं दाखवून मिळणार असेल तर आधी एवढे पैसे उभे करू शकणाराच जाऊ शकतो, म्हणजे पुन्हा तिथेच आलो. जमलं तर आधी द्या, आणि ट्रायलच्या नोटिशीतच लिहा की यंदा प्रत्येकी किती मिळणार, काहीच मिळणार नसेल तर तसं. आकडा माहीत असला तर माणूस घरी बसून विचार करून ठरवतो, नाहीतर निवडून येतो, हार घालून घेतो आणि दोन महिन्यांनी मान खाली घालून नकार कळवतो. असं होताना मी बघितलंय, त्या माणसाने नंतर ट्रायलला येणंच सोडलं.

ज्युनिअरचा हिशोब तर वेगळा मांडावाच लागतो. चौदा वर्षांची मुलगी निवडली गेली तर ती एकटी परदेशी जाणार नाही, आई किंवा वडील सोबत जाणार, त्यांचं तिकीट, त्यांची खोली, त्यांची बुडालेली रजा. फंडाच्या वहीत तिच्या नावापुढे एका माणसाचा खर्च लिहिलेला असतो आणि घरच्यांना दोघांचा करावा लागतो, तेव्हा पुढच्या बैठकीत ज्युनिअरच्या ओळीत सरळ दोन तिकिटं लिहा.